बाइतिकच्या नावाने रडणं

एर्मेकने आपल्या जिवलग मित्रावर सूड उगवला, आणि असा उगवला की नारीनच्या खोऱ्यात अजूनही एखाद्याच्या मरणाची बातमी आली की लोक आधी त्यालाच फोन करून खात्री करून घेतात. पण ते जाऊ द्या. असं काही घडलंच नाही, असं समजून पुढे जाऊ.

तर एर्मेक डोलोनच्या घाटात, रस्त्यापासून थोडा आत, एका मोठ्या दगडामागे उभा राहून रडण्याचा सराव करत होता.

"अरे माझ्या बाइतिकाऽ! अरे माझ्या पाठीच्या कण्याऽ!"

आवाज बरा लागत नव्हता. असं रडणं पोटातून यावं लागतं. ते ऐकून शेजारच्या कुरणातल्या घोड्याने मान वर केली पाहिजे. एर्मेकचं रडणं नाकातून येत होतं. तो बिश्केकमध्ये लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात होता, नवव्या मजल्यावर राहत होता, आणि इतक्या वर्षांत मोठ्याने बोलायची वेळ त्याच्यावर फक्त गाडी लावायच्या जागेवरून आली होती. त्याने घसा खाकरला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. घोडा चरतच राहिला.

बेत साधा होता. मेलेल्याच्या घरी पुरुषमाणूस रडतच जातो. घर दिसलं की हंबरडा फोडायचा आणि धावत सुटायचं; दारात घरचे पुरुष काठीवर वाकून उभे असतात, तेही हंबरडा फोडतात, मग गळ्यात पडायचं. रडत येणाऱ्याला कुणी वाटेत अडवून चौकशी करत नाही. आधी रडायचं, विचारायचं नंतर. त्यामुळे एर्मेक बाइतिकच्या घरावर असा रडत चालून गेला, की गाव धावणार, बायका बोर्सोक तळायला कणीक भिजवणार, कुणीतरी मेंढा पाडणार, आणि बाइतिक धडधाकट असल्याचं कळेपर्यंत त्याला अख्खं गाव जेवू घालावं लागणार. शिवाय जित्या माणसाच्या दारात रडणं झालं, ही चुटपुट त्याला आयुष्यभर पुरणार.

कारण जानेवारीत एर्मेकचे वडील गेले तेव्हा बाइतिक आला नव्हता.

रीतीप्रमाणे इमारतींच्या मधल्या अंगणात, दोन गाड्यांच्या जागा अडवून, लोकरीच्या जाड नमद्यांचा गोल तंबू, म्हणजे शोकाची युर्त उभारली होती. एर्मेक तिच्या दाराशी काठी धरून उभा होता. ऑफिसातले आले, बायकोकडचे आले, खालच्या मजल्यावरची रशियन म्हातारी पॅनकेकची ताटली घेऊन आली. एक माणूस आपली गाडी निघत नाही म्हणून हॉर्न वाजवत राहिला. सोसायटीच्या बाईने येऊन कानात सांगितलं, "बाळं झोपलीत हो, जरा हळू रडता येईल का?" तेव्हा एर्मेक हळू रडला. आणि सगळा वेळ फाटकाकडे बघत राहिला. बाइतिक येईल, फाटकातून धावत येईल, त्याच्या आवाजाने सगळ्या गाड्यांचे अलार्म वाजतील, मग आपल्यालाही मोठ्याने रडता येईल. बाइतिक आला नाही. फोनसुद्धा केला नाही. मरणाची बातमी सांगायला एर्मेकने फोन केला होता तेव्हाच त्याने "बरं" म्हणून खट्टकन ठेवून दिला होता.

आणि आता सप्टेंबरात त्याचा फोन, जणू काही झालंच नाही अशा आवाजात: "गवत कापून झालं. ये दोन दिवस. तुला एक गोष्ट दाखवायचीय."

दोघं एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे कुरदाश. कुरदाशाने कुरदाशाला काहीही बोलावं, कसलीही थट्टा करावी, त्याचा राग धरायचा नसतो. एर्मेक जानेवारीपासून हा नियम मोडत होता आणि त्याला त्यात गोडी लागली होती.

"अरे माझ्या बाइतिकाऽ!"

या वेळी घोड्याने मान वर केली. दगडाच्या वरून एक डोकंही वर आलं. शहरातून त्याच्याबरोबर त्याच गाडीत बसून आलेली बुरुल काकू होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मी समजत होते, तू लघवीला गेलायस."

तिने वळून चालकाला हाक मारली. "मेलिस! ए मेलिस, ये इकडे! पोरगा एकटाच रडतोय रे!"

मेलिस सूर्यफुलाच्या बिया चघळत आला. एर्मेकला पाहून त्याने तोंडातल्या बिया थुंकल्या आणि टोपी सारखी केली. बुरुल काकूने एर्मेकचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं. खांद्याला लोकरीचा आणि कांद्याचा वास होता.

"कोण गेलं, बाळा?"

'माझे वडील' असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. एर्मेकने खांद्यावरूनच उत्तर दिलं.

"बाइतिक."

"कुठला? सारी-बुलुंगचा? सालीमाचा? घोड्यांना नाल मारतो तो?"

"तोच."

"अरे देवा! केवढा तो गडी! कशाने?"

एर्मेकने याचा विचार केला नव्हता. "घोड्याने," तो म्हणाला. पलीकडचा घोडा पुन्हा चरायला लागला.

पुढच्या प्रवासात मेलिसने गाणी बंद ठेवली. बुरुल काकू मांडीवरच्या नव्या कोऱ्या बादल्या धरून हळहळत होती, आणि मध्येच फोन खिडकीबाहेर काढून बघत होती. घाट उतरल्यावर रेंज आली. सारी-बुलुंगला तिची बहीण दिली होती. बहिणीनंतर बहिणीचा दीर झाला, दिरानंतर वरच्या वस्तीवरचे, मग बाइतिकच्या आजोळकडचे. एर्मेक ऐकत होता. तिसऱ्या फोनला घोड्याने दोन लाथा मारल्या होत्या. पाचव्या फोनला बाइतिकने मरताना आईचं नाव घेतलं होतं.

अजून वेळ गेली नव्हती. 'काकू, थांबा, मी थट्टा करत होतो,' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण गाडीतच मिटलं असतं.

"मेली बॅटरी!" बुरुल काकू म्हणाली. "अजून पंधरा घरं राहिलीत."

एर्मेकने खिशातला पॉवर बँक काढून तिच्या हातात दिला.

सारी-बुलुंगच्या फाट्यावर मेलिसने गाडी खास आत घातली. पैसे काढले तर रागावला. "मयताला जाणाऱ्याकडून घेऊ? मला काय माणूस समजतोस की काय!" मग आपलं वाक्य चुकलं हे त्याच्या लक्षात आलं, पण दुःखाचा प्रसंग असल्याने कुणी हसलं नाही.

बाइतिकच्या घरासमोर सात-आठ गाड्या, एक ट्रॅक्टर आणि बरेच घोडे उभे होते. तळणीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. एर्मेकने छाती भरून घेतली, हंबरडा फोडायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं.

अंगणात युर्त अर्धी उभी राहिली होती. लाकडी जाळीच्या भिंती गोल बांधून झाल्या होत्या, आणि मधोमध बाइतिक उभा होता. दोन्ही हातांत लांब दुबेळक्याची काठी, काठीच्या टोकावर छपराचं जड चाक. भोवतीचे पुरुष त्या चाकात एकेक वासा बसवत होते. सगळे वासे बसेपर्यंत चाक धरणाऱ्याला हलता येत नाही. हलला तर सगळं डोक्यावर. आपल्याच मयताच्या युर्तीचं चाक बाइतिकने डोक्यावर तोलून धरलं होतं आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

त्याने चाकाखालून एर्मेककडे पाहिलं.

"ये, कुरदाश," तो म्हणाला. "थोडा उशीर केलास. मी दुपारीच गेलो."

"ऐकलं," एर्मेक म्हणाला.

"घोड्याने मारलं म्हणे मला. कुठला घोडा, काही कळलं का? म्हणजे त्याला चार शब्द सुनवायला."

"तू जिवंत आहेस तर हे कशाला उभारताय?"

"मी काय करू? मी बसलो होतो सूप पीत. हे लोक ट्रक घेऊन आले, रडले, मला बघून पुन्हा रडले. तोवर जाळी उतरवून झाली होती. उतरवलेली जाळी परत ट्रकात भरायला कुणी तयार होईना."

घरातून बाइतिकची आई, सालीमा काकू आली. तिच्या हातात झारा होता. तो तिने एर्मेकच्या खांद्यावर दोनदा मारला, गरम तेलासकट, मग त्याचं डोकं खाली ओढून कपाळाची पापी घेतली, आणि पुन्हा एकदा मारला.

"बुरुलच्या बहिणीचा फोन आला तेव्हा हा माझ्यासमोर बसला होता," ती म्हणाली. "समोर बसला होता, तरी मी त्याला हात लावून बघितला. आईला असं करायला लावतोस? मेल्या, तुझं तोंड बघून ओळखलं मी. लहानपणी माझी अंडी फोडलीस तेव्हा असंच होतं."

एर्मेकने मान खाली घातली. पण त्याला आतून फार बरं वाटत होतं. हिशेबापेक्षा जास्त माणसं आली होती. परड्यात एक मेंढा सोलून टांगलेला दिसत होता, दुसरा बांधलेला होता. बाइतिकच्या दंडाला कंप सुटला होता.

शेवटचा वासा बसला. बाइतिकने काठी काढली आणि हात झाडले. तो एर्मेकच्या दिशेने निघाला, तेवढ्यात ओमुरझाक आबा मध्ये आले. गावातले सगळ्यात म्हातारे. ऐकायला कमी येत असल्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असे.

"मयत नाही म्हणता?"

"नाही, आबा," बाइतिक ओरडला. "मीच होतो, पण मी नाही!"

"मग वाईट झालं. शोकाची युर्त उभी राहिली आणि कुणासाठी रडलं गेलं नाही, तर ती स्वतः माणूस शोधते. माझ्या लहानपणी कारा-तूमध्ये असं झालं होतं. आठवडा गेला नाही."

 म्हातारे एकमेकांकडे अंदाज घेतल्यासारखे बघू लागले. एक जण खोकला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. तो म्हणाला, "थंडीचा खोकला आहे हा. साधा आहे."

एर्मेकने मिशीत हसू दाबलं. हे तर बेतात धरलंच नव्हतं.

"माणूस आहे की," बाइतिक म्हणाला. त्याने छपराचा एक जास्तीचा वासा उचलला, गुडघ्यावर मोडून त्याची काठी केली आणि एर्मेकच्या हातात दिली. "असानकूल काका आहेत, याचे बाबा. या गावात जन्मले, या गावात वाढले. सिनेमाची गाडी घेऊन कुरणाकुरणांत फिरले. तुम्ही आयुष्यात पहिलं रेल्वेचं इंजिन कुठे बघितलंत, आबा? असानकूल काकांच्या चादरीवर बघितलंत. त्यांच्या मुलाच्या गळ्यात पडून रीतसर रडायला मिळालं का कुणाला? आणि हा आयता मुलगा आलाय. दाराशी उभा राहा, एर्मेक. नमदे चढवतोय आम्ही."

"हे बघ, बाइतिक..."

"काय? घसा बसलाय? घाटात सराव करत होतास म्हणे."

बुरुल काकूच्या बहिणीने भिंतीआडून मान डोलावली.

एर्मेकला दाराच्या उजव्या अंगाला उभं करण्यात आलं. कुणीतरी त्याच्या कमरेला पट्टा बांधला. नमदे चढले, दोऱ्या आवळल्या. मग अंगणातले सगळे पुरुष चालत फाटकाबाहेर गेले, ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, आणि तिथून हंबरडा फोडत परत धावत आले. नियमाने आता एर्मेकची पाळी होती. त्याने काठीवर भार टाकला आणि घाटात जमवलेला आवाज लावला. आवाज चांगला लागला; पोटातून आला. पण त्याच्याबरोबरचे शब्द बाइतिकचे होते, ते इथे चालणार नव्हते, म्हणून त्याने ते बदलले.

"अरे माझ्या बाबाऽ," तो म्हणाला. "माझ्या उंच डोंगराऽ."

यानंतर त्याने ठरवलेलं काही उरलं नाही.  ओमुरझाक आबा त्याच्या गळ्यात पडले, ट्रॅक्टरवाला पडला, नावही माहीत नसलेले चौघे पडले. परड्यात बांधलेला मेंढा गप्प झाला. इथे कुणाची बाळं झोपलेली नव्हती, आणि असली तरी त्यांच्या आया त्यांना कडेवर घेऊन ऐकायला बाहेर आल्या होत्या.

शेवटी बाइतिक आला. तो सगळ्यांच्या मागे राहिला होता. आपल्याच फाटकातून, पाहुण्यासारखा, हात पसरून धावत आला, आणि त्याच्या आवाजाने खरोखरच एका गाडीचा अलार्म वाजायला लागला.

"अरे माझ्या काकाऽ! आम्हाला न भेटता गेलास रेऽ!"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. एर्मेकने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"जानेवारीत कुठे मेला होतास?" तो दात आवळून म्हणाला. मग मोठ्याने: "माझ्या डोंगराऽ!"

"वर चल, दाखवतो," बाइतिक त्याच्या कानात म्हणाला. "आणि बरगड्या सोड. अरे माझ्या काकाऽ!"

मेंढा शिजेपर्यंत वेळ होता. दोघं गावामागच्या टेकडीवर चढले. बाइतिक पुढे, एर्मेक मागे.  वर कबरी होत्या, मातीच्या आणि विटांच्या, काहींवर लोखंडी चंद्र. सगळ्यात वरच्या अंगाला, जिथून घाटाचा रस्ता शेवटपर्यंत दिसतो, तिथे एक नवी कबर होती. काळ्या दगडावर चेहरा कोरलेला होता. कान जरा मोठे आले होते, पण चेहरा ओळखू येत होता.

एर्मेक दगडावरचं नाव वाचत उभा राहिला. असानकूल. खाली जन्माचं वर्ष, मरणाचं वर्ष.

"हे कोण आहे?" त्याने विचारलं.

"तुला वाचता येतं."

"बाबा शहरात आहेत. मी स्वतः माती टाकली."

"ते मला नंतर कळलं." बाइतिक उकिडवा बसला आणि कबरीवरचं एक सुकलेलं गवत उपटलं. "तुझा फोन आला, मी ठेवला, आणि सरळ वर आलो. जानेवारी होती. जमीन लोखंडासारखी. टायर जाळले, शेण जाळलं, पहार मारली. सगळं गाव लागलं होतं. संध्याकाळी खड्डा झाला. खाली युर्त उभारली, पाहुण्यांच्या जेवणासाठी घोडी कापली. मग बसलो रस्त्याकडे बघत. प्रत्येक गाडीला वाटायचं, ही असेल. एक गाडी तर आम्ही थांबवून तिच्यासमोर रडलोसुद्धा. ब्रेडची होती."

"मला विचारायचंस."

"मयताच्या घरी फोन करून विचारू, की मयत कुठवर आलंय म्हणून? इथे जन्मलेला माणूस इथेच आणतात. त्यात विचारायचं काय असतं? घाट बंद होता का?"

"नव्हता."

"मग?"

एर्मेक दगडाकडे बघत राहिला. "लिफ्ट बंद पडली होती," तो म्हणाला. "आमच्याच इमारतीची. बाबांना जिन्यावरून, उभं-आडवं करत, कठड्याला ठोकर लागत आणायचं नव्हतं मला. मी लिफ्ट दुरुस्त करत बसलो. ती चालू झाली तेव्हा मेहुण्यांनी शहरातली जागा ठरवून टाकली होती. मला सुचलंच नाही काही."

"मी इथे खड्डा खणतोय आणि तू तिथे लिफ्ट दुरुस्त करतोयस."

"हो."

बाइतिकने कबरीवरची माती तळव्याने सारखी केली. मग म्हणाला, "खणलेला खड्डा उघडा ठेवता येत नाही. तो पण माणूस शोधतो, तुला माहितेय आबांचं. तिसऱ्या दिवशी कळलं की तू उरकलंयस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुल्ला म्हणाला, काकांचं काहीतरी घाला. तर माझ्याकडे टोपी होती."

"कुठली टोपी?"

"त्यांची. पांढरी, काळ्या काठाची. मागच्या उन्हाळ्यात आले होते तेव्हा माझ्या खुंटीवर विसरले. मुल्ला आधी तयार नव्हता. म्हणाला, टोपीचा जनाजा कुठे लिहिलेला नाही. मी म्हटलं, मनाई तरी कुठे लिहिलीय? मग त्याने माप घेऊन कफन कापलं. छोटंसं झालं. सगळं गाव होतं, एर्मेक. एक शब्द कमी केला नाही. आणि मी तेव्हा ठरवलं, की तुला बोलवायचं, गोड बोलून बोलवायचं, इथे आणून उभं करायचं आणि विचारायचं की बापाला परक्यांत पुरताना लाज वाटली नाही का. उन्हाळाभर वाट बघितली. आज दुपारी माझी वाक्यं पाठ होती. तेवढ्यात मी मेलो."

 एर्मेकच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते बाइतिकने आधी शरम समजलं. मग त्याने नीट पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"ती तुझ्याकडे होती," एर्मेक म्हणाला.

"काय?"

"शेवटी शेवटी ते टोपीच मागत होते. दुसरं काही नाही. पाणी नाही, मला नाही. टोपी आण. मी घर पालथं घातलं. कपाट भिंतीपासून ओढलं. बाजारातून नवी आणली, तशीच, काळ्या काठाची. डोक्यावर ठेवली की काढून बाजूला ठेवायचे. म्हणायचे, 'ही कुणाची उचलून आणलीस, ज्याची त्याला देऊन ये.' त्यांना वाटलं मी कुणाची तरी टोपी चोरली. शेवटपर्यंत वाटत होतं." त्याचा आवाज चढला. "आणि ती तुझ्या खुंटीवर! एक फोन नाही करता आला?"

"टोपीसाठी? मला वाटलं, उन्हाळ्यात येतील, नेतील."

"उकर."

"काय?"

"टोपी उकर. माझ्या बापाची आहे. मी घेऊन जातो त्यांच्याकडे."

"डोकं फिरलं का तुझं? जनाजा झालाय तिचा!"

"उकर म्हणतो ना!"

"आधी काकांना इकडे आण. मग मी स्वतःच्या हाताने घालतो त्यांच्या डोक्यावर."

"आधी टोपी!"

"आधी बाप!"

एर्मेकने त्याला ढकललं. बाइतिकने परत ढकललं. कबर मध्ये होती आणि तिच्यावर पाय पडू द्यायचा नव्हता, त्यामुळे दोघं दोन बाजूंनी वाकून, हात लांब करून एकमेकांच्या कॉलरी ओढत राहिले. खालून बघणाऱ्यांना वाटलं, दोघं दुआ मागतायत. ओमुरझाक आबांनी समाधानाने दाढीवरून हात फिरवला.

जेवायला बाइतिकने वचपा काढला. मांसाचे वाटे यजमान करतो: ज्याचा जसा मान, तसं त्याचं हाड. मेंढ्याचं डोकं आबांना गेलं, मांड्या म्हाताऱ्यांना, आणि बाइतिकने सगळ्यांच्या देखत, दोन्ही हातांनी, फार अदबीने एर्मेकच्या पुढ्यात शेपटीकडचं माकडहाड ठेवलं. ते घरातल्या लहान मुलींचं असतं. युर्तीत कुणी चावेना. एर्मेकने ते उचललं, चाकूने कोरून कोरून स्वच्छ खाल्लं, ताटलीत ठेवलं.

"छान होतं," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या हाताला अजून चव आहे."

पंक्तीत गावच्या कचेरीतली गुलझान बसली होती. ती बाइतिकच्या मरणाची नोंद करायला कामावरून थेट आली होती, आणि मरण रद्द झाल्यामुळे तिच्याकडे कोरा कागद शिल्लक होता. टेकडीवरचं भांडण आता ताटावर आलं. टोपी की बाप, बाप की टोपी. एकाने शहराची बाजू घेतली, दहा जणांनी गावाची. आबांना वाटलं, टोपी हरवलीय, आणि त्यांनी स्वतःची काढून देऊ केली. मेलेल्यासाठी दोघं भांडतात हा मेलेल्याचा मान, असं म्हणून सालीमा काकूने दोघांनाही आणखी रस्सा वाढला. शेवटी गुलझानने पेनाचं टोपण काढलं.

"दोघांचा मिळून एकच अर्ज द्या," ती म्हणाली. "मला एका माणसाच्या दोन फायली नकोत. कबरी दोन आहेत तेवढ्या पुरे."

दोघं तिच्या दोन बाजूंना बसले. एर्मेक सांगायचा, बाइतिक खोडायचा. बाइतिक सांगायचा, एर्मेक खोडायचा. चहाची किटली दोनदा बदलली. मग एका वाक्याशी आल्यावर एर्मेक थांबला, बाइतिकनेही हात मागे घेतला, आणि त्या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही. गुलझानने डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला आणि वाचून दाखवलं:

प्रति, प्रमुख, ग्रामकचेरी, सारी-बुलुंग. विषय: मयत असानकूल यांच्या मुक्कामाबाबत. अर्जदार एक यांचं म्हणणं की टोपी देहाकडे पाठवावी. अर्जदार दोन यांचं म्हणणं की देह टोपीकडे आणावा. दोघेही अर्जदार एकमेकांवर नाराज असून पुढेही राहणार आहेत. टोपी कुणाची, ती चोरीची होती किंवा कसे, आणि कुठे राहणं पसंत आहे, याची माहिती फक्त मयत यांनाच आहे. तरी सदर मयत असानकूल यांना एक दिवस, ते शक्य नसल्यास किमान चहा होईपर्यंत, दोन्ही अर्जदारांसमोर हजर करून त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून नोंदवून घेण्यात यावं, ही नम्र विनंती. वेळ त्यांच्या सोयीची.